डिस्टिलरीत पंप बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या, सोया तेलाचे सॉल्व्हंट प्लांट आणि हल्ली बायोगॅस प्रकल्प इथून, पेटणारी वाफ किंवा वायू असलेल्या जागी पंप-मोटर बसवण्याबद्दल येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. प्रश्नासोबत बहुतेक जण मोटरच्या पाटीचा फोटो पाठवतात. केबल ग्लँडचा (केबल मोटरमध्ये शिरते तिथल्या जोडाचा) फोटो सहसा कुणी पाठवत नाही, आणि घोळ बहुतेक वेळा तिथंच निघतो.

१. आमच्याकडे फक्त स्पिरिट आहे, पेट्रोल नाही. मग एवढा बाऊ कशाला?

स्पिरिट म्हणजे इथेनॉल, आणि त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला पेटण्याजोगी वाफ सुटू लागते तो) साधारण १३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे सांगली-कोल्हापूरकडे थंडीतली एखादी पहाट सोडली, तर वर्षभर त्याची पेटण्याजोगी वाफ तयार होतच असते. हवेत ३.३ टक्के वाफ झाली की मिश्रण पेटू शकतं, आणि १९ टक्क्यांपर्यंत ते तसंच धोक्याचं राहतं. हिशोब करून बघा. एक लिटर अल्कोहोल सांडून पूर्ण उडालं तर सुमारे ४०० लिटर वाफ होते. ती १२ घनमीटर हवा पेटण्याजोगी करायला पुरते, म्हणजे साधारण अडीच मीटर लांबी-रुंदीची छोटी पंपरूम. ही वाफ हवेपेक्षा दीडपटीहून जड असल्यामुळे वर निघून जात नाही. केबल ट्रेंचमध्ये, सांडलेलं साचण्याच्या खड्ड्यात (सम्प), बेसप्लेटच्या पोकळीत जाऊन बसते.

२. झोन ०, १, २ म्हणजे नेमकं काय? आणि ते ठरवायचं कुणी?

स्फोटक मिश्रण कायम किंवा दीर्घकाळ असतं तो झोन ०, उदाहरणार्थ टाकीतली द्रवाच्या वरची पोकळी. नेहमीच्या कामात अधूनमधून होऊ शकतं तो झोन १. एरवी होत नाही आणि झालंच तर थोडा वेळ टिकतं तो झोन २. हे ठरवायचं आयएस/आयईसी ६००७९-१०-१ या मानकाप्रमाणे. आपल्याकडचं जुनं आयएस ५५७२ सुद्धा अनेक ठिकाणी वापरात आहे. प्रोसेस, इलेक्ट्रिकल आणि सेफ्टी अशा तिघांनी बसून नकाशा काढायचा असतो. प्रत्यक्षात तो कंत्राटदार काढतो, फायलीत जातो आणि पुढची दहा वर्षं कुणी उघडत नाही. दरम्यान एक पंप वाढतो, एक भिंत उभी राहते, वायुवीजन बदलतं. नवीन पंप बसवण्याआधी नकाशा जागेवर नेऊन तपासा.

एक गोष्ट हमखास चुकते. आजूबाजूचा भाग झोन २ असला तरी त्यातला खड्डा, ट्रेंच किंवा जमिनीखालचा पंप-पिट झोन १ धरावा लागतो, कारण जड वाफ तिथं साचते आणि निघत नाही.

३. पाटीवर 'एक्स डीबी आयआयबी टी४ जीबी' लिहिलंय. आमच्या आरएस (रेक्टिफाइड स्पिरिट) पंपाला चालेल का?

चालेल. 'डीबी' म्हणजे फ्लेमप्रूफ (त्याचा अर्थ प्रश्न ५ मध्ये). 'आयआयबी' हा गॅस ग्रुप. इथेनॉल याच ग्रुपमध्ये मोडतं, त्यामुळे फक्त आयआयए लिहिलेली मोटर घेऊ नका. 'टी४' म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांवर जाणार नाही. टी१ ची मर्यादा ४५०, टी२ ची ३००, टी३ ची २००, टी५ ची १०० आणि टी६ ची ८५. इथेनॉल आपोआप पेटायला ३६० अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून त्याला टी२ सुद्धा पुरतं. टी४ घेतली तर बिघडत नाही. 'जीबी' म्हणजे झोन १ आणि २ ला योग्य. टाकीच्या आत, झोन ० मध्ये, 'जीए' लागतं.

हेक्झेन (सोया तेल काढायचा सॉल्व्हंट) आयआयए आणि टी३ मध्ये येतं. मिथेन आयआयए आणि टी१. हायड्रोजन आयआयसी. ग्रुप वरचा घेतलेला चालतो, खालचा चालत नाही.

४. मोटर एफएलपी (फ्लेमप्रूफ) घेतली. आता पंप कुठलाही चालेल ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. उत्तर नाही असं आहे. पेटवायला वीजच लागते असं नाही. बेअरिंग जाम होऊन तापतं, इंपेलर केसिंगला घासतो, कपलिंगचा गार्ड वाकून शाफ्टला लागतो, मेकॅनिकल सील कोरडं फिरतं. यांतल्या कुठल्याही गोष्टीनं ठिणगी किंवा लालभडक जागा तयार होऊ शकते. यांत्रिक उपकरणांसाठी आयएसओ ८००७९-३६ आणि ३७ ही वेगळी मानकं आहेत, आणि अशा पंपाच्या पाटीवर 'एक्स एच' असतं.

पंप, कपलिंग, गार्ड, मोटर, सील पॉट, लेव्हल स्विच हे सगळं मिळून एक यंत्र समजा. टी-क्लास त्यातल्या सर्वांत कमकुवत घटकाचा धरायचा. गार्डबद्दल: पातळ पत्र्याचा लडबडता गार्ड नको. पितळी, किंवा जाड आणि घट्ट बसवलेला पोलादी चालतो. ॲल्युमिनियम गंजलेल्या लोखंडावर आपटलं की फार गरम ठिणग्या उडतात, म्हणून तिथं ॲल्युमिनियमची शिडीही नेऊ नये.

५. फ्लेमप्रूफ म्हणजे आत गॅस शिरतच नाही, बरोबर?

उलट आहे. गॅस आत शिरणार हे धरूनच ती मोटर बनवलेली असते. आत ठिणगी पडली, स्फोट झाला, तरी जाड कवच तो सहन करतं, आणि झाकणाच्या सांध्यातून बाहेर पडणारा जाळ अरुंद फटीतून जाताना एवढा थंड होतो की बाहेरचं मिश्रण पेटत नाही. सगळी करामत त्या फटीत आहे.

म्हणूनच पुढच्या चुका जिवावर बेततात. सोळा बोल्टपैकी चार हरवलेत म्हणून बारावर भागवणं. 'पाणी जातंय' म्हणून सांध्यात रबरी गॅस्केट कापून घालणं. सांध्यावर रंग मारणं, किंवा गंज काढायला पॉलिश पेपर फिरवणं. ओरखडा उठलेला फ्लेम पाथ डोळ्यांना किरकोळ दिसतो, पण त्यातून जाळ बाहेर येतो. उत्पादकानं सांगितलेलं, न वाळणारं ग्रीस पातळ लावा, आणि बोल्ट उत्पादकाच्याच ग्रेडचे टाका.

६. मोटर, स्टार्टर सगळं एफएलपी आहे. ग्लँड साधी लावली तर काय बिघडतं?

सगळंच. कवचाला भोक पाडून त्यात पातळ पत्र्याचं बूच बसवल्यासारखं ते आहे. फ्लेमप्रूफ पेटीला प्रमाणित, डबल कॉम्प्रेशन, केबलच्या बाहेरच्या आणि आतल्या व्यासाला जुळणारी ग्लँडच हवी. 'थोडी सैल आहे, टेप गुंडाळली' हे चालत नाही.

आटे मोजा. किमान पाच पूर्ण आटे आत बसले पाहिजेत. मेट्रिक ग्लँड एनपीटी (निमुळत्या अमेरिकी आट्यांच्या) भोकात दोन-तीन आटे जाते आणि मग अडते. फिटरला वाटतं बसली. हा गोंधळ आयात केलेल्या मोटरमध्ये नेहमी सापडतो. त्यासाठी प्रमाणित ॲडॉप्टर मिळतो. न वापरलेल्या भोकात प्लास्टिकचं शिपिंग प्लग तसंच राहिलेलं असतं. कितीतरी ठिकाणी मी ते लाल झाकण पाहिलंय, धूळ बसून काळं झालेलं. तिथं प्रमाणित धातूचं ब्लँकिंग प्लग लागतं.

मोटरला जोडलेली केबल ३ मीटरपेक्षा कमी असेल, तर रबर रिंगची साधी फ्लेमप्रूफ ग्लँड पुरत नाही. कंपाउंड भरलेली बॅरिअर ग्लँड घ्या.

७. जागा कमी आहे. मोटर भिंतीला चिकटवून बसवली तर?

फ्लेमप्रूफ सांध्यासमोर भिंत, पाइप किंवा चॅनेल आला तर बाहेर पडणारा वायू अडतो आणि थंड होण्याची क्रिया बिघडते. सपाट फ्लँजच्या सांध्यापुढे आयआयए ला १० मिलिमीटर, आयआयबी ला ३० आणि आयआयसी ला ४० मिलिमीटर अंतर मोकळं ठेवायचं. हे झालं किमान. पाना फिरवायला आणि पंख्याला हवा मिळायला जागा लागतेच, ती वेगळी.

८. आम्ही विदर्भात आहोत. उन्हाळ्यात ४५-४६ अंश. मोटर चालेल?

पाटी बघा. तिथं काही लिहिलं नसेल तर ती उणे २० ते अधिक ४० अंश परिसर-तापमानासाठी प्रमाणित आहे असं समजायचं. ४५ अंशांच्या मे महिन्यात ती मोटर प्रमाणपत्राच्या बाहेर चालते, आणि तिचा टी-क्लासही खात्रीचा राहत नाही. ऑर्डर देतानाच 'परिसर तापमान ५० अंश' असं लिहून घ्या आणि पाटीवर तसं छापून आलंय ना हे बघा. सावलीसाठी पत्रा टाकणं चांगलं, पण त्यानं प्रमाणपत्र बदलत नाही. पत्रा टाकताना पंख्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका, नाहीतर मोटर आणखी तापेल.

९. पंपाच्या शाफ्टला ग्लँड पॅकिंगची दोरी ठेवू की मेकॅनिकल सील लावू?

दोरी गळण्यासाठीच बनवलेली असते. थेंब-थेंब गळली नाही तर शाफ्टवर जळते. अल्कोहोलवर हे दोन्ही वाईट. जुन्या डिस्टिलऱ्यांत अजून काही पंप असे आहेत. पहिल्या शटडाऊनला ते बदला.

एकेरी सील झोन २ मधल्या, मोकळ्या हवेतल्या पंपाला ठीक आहे, सोबत गळती कळण्याची सोय हवी. बंदिस्त पंपरूममध्ये किंवा हेक्झेनवर दुहेरी सील घ्यावं, मध्ये बॅरिअर द्रव आणि पॉटवर लेव्हल स्विच. मॅग्नेटिक ड्राइव्ह पंपात सीलच नसतं म्हणून लोक खूश होतात. पण त्याची बेअरिंगं पंपातल्या द्रवावरच जगतात. कोरडा फिरला की तापून फुटतो. धातूचं आवरण असेल तर एडी करंटमुळे (फिरत्या चुंबकानं धातूत निर्माण होणाऱ्या प्रवाहामुळे) तेही तापतं. मॅग्नेटिक घेतला तर प्रश्न १० मधली संरक्षणं सक्तीचीच समजा.

१०. डिस्चार्ज वाल्व्ह बंद राहिला तर पंप आपोआप थोडाच फुटतो?

फुटतही असेल, पण आधी तापतो. वाल्व्ह बंद असताना मोटरची ताकद द्रव ढवळण्यात जाते, आणि ढवळलेल्या ऊर्जेची उष्णता होते. मधल्या आकाराच्या पंपात ५ किलोवॅट उष्णता आणि केसिंगमध्ये १० किलो अल्कोहोल धरलं, केसिंगच्या लोखंडानं थोडी उष्णता प्यायली असं मानलं, तरी आठ-दहा मिनिटांत ते ७८ अंशांवर उकळायला लागतं. मग वाफ, मग सील कोरडं, मग ठिणगीची वाट.

त्यामुळे मिनिमम फ्लो लाइन (वाल्व्ह बंद असतानाही थोडा द्रव वाहता ठेवणारी) टाकीत परत न्या. बायपास पंपाच्या सक्शनला जोडू नका, नाहीतर गरम तेच गरम परत येतं. मोटरचा अंडरलोड रिले, टाकीचा लो-लेव्हल स्विच आणि केसिंगचं तापमान या तिघांपैकी किमान दोन ट्रिपला (पंप आपोआप बंद करणाऱ्या व्यवस्थेला) जोडलेले हवेत. नुसत्या अलार्मचं काय होतं ते रात्रपाळीतल्या माणसाला विचारा.

११. अर्थिंग किती ठिकाणी? गॅल्व्हनाइज्ड पट्टी लावली की झालं?

मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ हवेत, हा आपल्याकडचा जुना आणि अजूनही लागू असलेला नियम आहे. बेसप्लेट, पंप, सक्शन-डिस्चार्ज पाइप, टाकी, सगळं एका समान विभवावर आणायचं. फ्लँजमध्ये पीटीएफईचं (अवाहक) गॅस्केट असेल तर तांब्याचा जंपर ओलांडून जोडा. रंगावर लावलेला लग (अर्थच्या तारेचं टोक) हा दागिना आहे. खाली धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि मगच रंग द्या. रीडिंग घेऊन रजिस्टरला लिहा. टँकर असेल तर आधी क्लिप, मग होज. काढताना उलटा क्रम.

१२. सोया सॉल्व्हंट प्लांटवाले स्थिर विजेला इतकं का घाबरतात? आम्हाला का नाही?

इथेनॉल विजेचं बऱ्यापैकी वाहक आहे. त्यात साठलेला भार अर्थ केलेल्या टाकीतून लगेच निघून जातो. हेक्झेन जवळजवळ अवाहक. पाइपमधून जोरात वाहिलं, फिल्टरमधून गेलं, वरून टाकीत धबधब्यासारखं पडलं की भार साठत जातो, आणि ठिणगीला ऊर्जा लागते ती पाव मिलिज्यूलच्या आसपास. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या वीसेक अंश खाली आहे, शिवाय १.१ टक्का वाफेलाच धोका सुरू होतो. म्हणून भरण्याचा पाइप तळापर्यंत न्यावा, आणि पाइपचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवावा. पंप निवडतानाच हा वेग लक्षात घ्यावा लागतो, नाहीतर पुढं वाल्व्ह आवळून प्रश्न १० मध्ये सापडाल.

तरी डिस्टिलरीवाल्यांनी निर्धास्त होऊ नये. प्लास्टिकच्या बादलीत किंवा अर्थ नसलेल्या ड्रममध्ये वाहक द्रवसुद्धा भार धरून ठेवतं.

१३. पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) बसवायचा आहे. मोटर एफएलपी आहे, चालेल?

व्हीएफडी सुरक्षित क्षेत्रातल्या पॅनेलमध्ये ठेवा. मोटर मात्र व्हीएफडीवर चालवण्यासाठी प्रमाणित असायला हवी. कमी वेगात तिचा पंखाही हळू फिरतो, हवा कमी आणि मोटर जास्त गरम. वाइंडिंगमधले पीटीसी थर्मिस्टर (तापमान ओळखणारे सेन्सर) थेट ट्रिपला जोडा. किमान वेग ड्राइव्हमध्ये लॉक करा. प्रमाणपत्रात व्हीएफडीचा उल्लेख नसेल तर उत्पादकाकडून लेखी घ्या. फोनवरचं 'चालतं हो' पुरेसं नाही.

१४. 'एक्स ई' मोटर स्वस्त मिळते. घेऊ का?

'इन्क्रीज्ड सेफ्टी' मोटर झोन १ ला चालते, पण तिची एक अट विसरली जाते: पाटीवरचा 'टी-ई' काळ. रोटर जाम झाला तर तेवढ्या सेकंदांत ओव्हरलोड रिलेनं पुरवठा तोडलाच पाहिजे, नाहीतर आतला भाग टी-क्लासच्या वर तापतो. रिलेचा ट्रिप वक्र त्या आकड्याशी जुळवून घ्या. जुळवणारा माणूस नसेल तर फ्लेमप्रूफच घ्या, ती थोडी क्षमाशील असते. झोन २ मध्ये पूर्वी 'एनए' म्हणत तो प्रकार आता 'ईसी' या नावानं येतो. साधी मोटर मात्र झोन २ लाही नको.

१५. मोटर जळाली. गावातल्या वाइंडिंगवाल्यानं भरून दिली, छान चालते. अडचण काय?

वाइंडिंग छान असेल, पण एफएलपी मोटर दुरुस्तीचं स्वतंत्र मानक आहे, आयएस/आयईसी ६००७९-१९. तारेचा गेज बदलला, वार्निश वेगळं पडलं, तर तापमान बदलतं. बेअरिंग काढताना एंड-शील्डच्या फ्लेम पाथवर छिन्नी ठोकली असेल तर ती मोटर आता फक्त जड मोटर आहे. 'घासून सारखी केली' हे ऐकलं की मी मोटर सुरक्षित क्षेत्रात, पाण्याच्या पंपावर हलवायला सांगतो. दुरुस्ती अधिकृत दुकानात करून घ्या आणि फटीची मापं कागदावर मागा.

१६. परदेशी पंपावर एटेक्सचा षटकोन आहे. भारतात वेगळी परवानगी लागते?

एटेक्स हा युरोपचा कायदा आहे. आपल्याकडे पेट्रोलियम साठ्याच्या परवाना क्षेत्रात लागणाऱ्या विद्युत उपकरणाला पेसोची, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची, मान्यता लागते. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हेक्झेन 'अ' वर्गात मोडतं, कारण त्याचा फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली आहे. शिवाय कारखाना म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि विद्युत निरीक्षक आहेतच. ऑर्डरमध्येच पेसोच्या मान्यतापत्राची प्रत मागा. माल बंदरात आल्यावर मागितली तर तीन महिने जातात आणि मग 'तात्पुरता बसवू' सुरू होतं.

१७. प्लांट चालू असताना शेजारचा पंप बदलता येईल का? मालक शटडाऊन देत नाहीत.

येतो, पण नुसता वाल्व्ह बंद करून नाही. दोन्ही बाजूंना स्पेड (लाइन बंद करणारी पोलादी चकती) टाका, लाइन रिकामी करा, पुरवठा तोडून कुलूप लावा आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवा. वेल्डिंग, ग्राइंडिंग असेल तर हॉट वर्क परमिट आणि कामाआधी व कामादरम्यान गॅस टेस्ट, ट्रेंचमध्येही. ब्रेकर बंद आहे असं तोंडी सांगणं म्हणजे परमिट नव्हे.

पाळी बदलताना काय होतं याचं उदाहरण उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटाचं आहे. ६ जुलै १९८८ ला तिथल्या दोन कंडेन्सेट पंपांपैकी एक दुरुस्तीला होता आणि त्याचा सेफ्टी वाल्व्ह काढून नेलेला होता. दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला वाल्व्ह काढल्याचं कळलं नव्हतं. त्यांनी पहिला चालू केला. १६७ माणसं गेली.

१८. गॅस डिटेक्टर आहे, मग काळजी कशाला?

तो कुठं लावलाय? अल्कोहोलसाठी जमिनीपासून फूटभरावर, पंपाच्या सीलजवळ. मी छताला लावलेले पाहिलेत, बहुधा कुणीतरी मिथेनचा नकाशा तसाच उतरवला होता. बायोगॅस मात्र सहसा हवेपेक्षा हलका असतो, त्याला वर लावा. मिथेनवर कॅलिब्रेट केलेला कॅटॅलिटिक डिटेक्टर अल्कोहोल कमी दाखवतो, म्हणून सुधारणा-गुणक लावा किंवा अल्कोहोलवर कॅलिब्रेट करून घ्या. आणि जवळपास सिलिकॉन स्प्रे मारू नका, सेन्सर मरतो आणि शून्य दाखवत राहतो. शून्य बघून सगळे खूश.

१९. टाकी फुटली, तातडीनं माल उपसायचा आहे. डिझेल पंप आणू का?

बंडच्या (टाकीभोवतीच्या बांधाच्या) आत आणू नका. तापलेला सायलेन्सर आणि ठिणगी तर आहेच, शिवाय हवेतली वाफ शोषून डिझेल इंजिन वेग पकडतं आणि किल्ली फिरवूनही थांबत नाही. अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २३ मार्च २००५ ला उभ्या चालू पिकअपनं वाफ पेटवली असावी असा तपासाचा निष्कर्ष आहे. तिथं १५ जण मेले. हवेवर चालणारा डायफ्राम पंप आणा. त्याची बॉडी अर्थ केलेली, भाग वाहक आणि कंप्रेसर सुरक्षित क्षेत्रात. असा एक पंप आणि होज स्टोअरमध्ये तयार ठेवा. ज्या रात्री लागतो त्या रात्री स्टोअरकीपर घरी असतो, म्हणून किल्ली कुठं आहे हेही लिहून ठेवा.

२०. तपासणी किती दिवसांनी? आणि पाटीवर रंग लागून अक्षरं दिसत नाहीत, काय करू?

आयएस/आयईसी ६००७९-१७ मध्ये तीन प्रकार आहेत: नजरेची, जवळून आणि सविस्तर (ही पुरवठा तोडून, झाकण उघडून). बसवल्यावर पहिली सविस्तरच हवी. नंतर दोन तपासण्यांमधलं अंतर तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय तीन वर्षांच्या वर जाऊ नये. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसात मी वर्षाला एकदा जवळून बघतो, पावसाळा संपल्यावर.

पाटी पुसली असेल तर नवीन पाटी स्वतः छापू नका. अनुक्रमांक सापडला तर उत्पादकाला लिहा, त्यांच्याकडे नोंद असते. रंगच असेल तर थिनर आणि मऊ कापड, तारेचा ब्रश नाही. अनुक्रमांकही सापडत नसेल आणि कागदही नसेल, तर ती मोटर आतून कितीही चांगली असली तरी धोकादायक क्षेत्रात राहू शकत नाही. उतरवा आणि बगॅसच्या कन्व्हेअरलाही देऊ नका, तिथं धुळीचे वेगळे नियम आहेत. बागेच्या पाण्याला द्या.